कवळीवाल्याची कादंबरी

आमचे हे कवळ्या करतात. दातांच्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण 'माझे मिस्टर लेखक आहेत' म्हटलं की लोक जरा सावरून बसतात. मग घरी येतात, पुढच्या खोलीत फळीवर ओळीनं मांडलेले जबडे बघतात आणि चहा अर्धा टाकून उठतात. कवळ्यांवर आमचं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं. कादंबऱ्यांवर काय चाललं ते मी अजून शोधतेय.

पुढच्या खोलीला हे लॅब म्हणतात. गावातले दोन-तीन दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात. हे त्यात प्लास्टर ओततात, मेणात एकेक दात बसवतात, जबड्यासारखं उघडझाप करणारं एक लोखंडी यंत्र आहे त्यात वरची-खालची बाजू जुळवतात, मग गुलाबी हिरड्या शिजवून, घासून, चकाकी आणून कवळी तयार. त्या घासण्याची पांढरी भुकटी घरभर. उशीवर, तांदळाच्या डब्यावर, देवाच्या तसबिरीवर. लग्न झालं तेव्हापासून पुसतेय, अजून संपली नाही. माझ्या हातातलं फडकं बघून शेजारीण म्हणते, तुम्ही काय बाई कायम पुसतच असता. म्हटलं, हौस आहे.

यांना लिहायचा नाद पहिल्यापासून. आणि नादाला लागतो ऐकणारा. तो आमच्या मुलीच्या रूपानं घरातच मिळाला. शाळेतून आली की ती लॅबमधल्या उंच स्टुलावर बसायची, रंगाप्रमाणे दात वेगळे करायची, आणि हे तिला लिहिलेलं वाचून दाखवायचे. पोरगी दात निवडता निवडता मान न उचलता सांगायची, "बाबा, हा माणूस असं बोलणार नाही." हे म्हणायचे, मग कसं बोलेल? ती सांगायची. हे खोडून तसं लिहायचे. त्या दोघांचं असं छान चालायचं. मी दारात उभी राहून म्हणायचे, जेवायला येताय का पुस्तकच खाताय? पुढे ती कवळीचं कामही शिकली. हात यांच्याहून हलका. लग्न होऊन गेली तेव्हा हे गप्प गप्प असायचे. मी थट्टेनं म्हणायचे की मुलगी गेली त्याचं नाही, श्रोता गेला त्याचं दुःख आहे. थट्टा होती, पण अगदीच खोटी नव्हती.

तिचं लग्न टिकलं नाही. का नाही, ते तिचं तिला माहीत, मला थोडंसं माहीत, आणि इथे सांगायचं कारण नाही. दोन बॅगा घेऊन परत आली आणि पुन्हा त्या स्टुलावर बसली. नेमकी तेव्हाच यांची पहिली कादंबरी पुरी झाली होती. छापणारा मिळाला होता. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! यांनी सगळी कादंबरी तिला वाचून दाखवली, रोज थोडी थोडी. पोरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, रात्रभर झोप नाही, आणि हे आपले वाचतायत. ती ऐकत होती. संपली तेव्हा म्हणाली, "बाबा, एवढ्यात छापू नका. यातली बाई नुसती चहा करते आणि सोसते. तिला एकदाही राग येत नाही. बाई अशी नसते. मी अशी नव्हते, म्हणून तर परत आले."

त्यावर आमचे हे काय म्हणाले ते सांगते. म्हणाले, "स्वतःचं घर तुला टिकवता आलं नाही, आणि माझ्या पुस्तकातलं घर दुरुस्त करायला निघालीस?"

मी स्वयंपाकघरात होते. हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आले. मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण समोरच्यांनी दार उघडून बघितलं होतं.  पोरीनं हातातले दात डबीत टाकले, झाकण नीट लावलं. आठवडाभरात तिनं दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबमध्ये नोकरी धरली, आणि त्याच दोन बॅगा घेऊन गेली.

पुस्तक छापून आलं. कोणी मनावर घेतलं नाही. एका पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या, त्यातली एक होती, 'स्त्रीपात्रं निर्जीव आहेत.' ती मी यांना मोठ्यानं वाचून दाखवली. मग ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा एकदा वाचली.

तेव्हापासून आमच्या घरात हे असं आहे. मुलगी मला फोन करते. मी दोनदा तिच्याकडे राहूनही आले. ती यांच्याबद्दल विचारत नाही. हे तिच्याबद्दल विचारत नाहीत. फक्त मी फोनवर बोलायला लागले की पुढच्या खोलीतलं घासायचं मशीन बंद होतं. फोन ठेवला की सुरू. मग मी भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्यानं म्हणायचं, "तिला सर्दी झालीय," "तिनं खोली बदलली," आणि भिंतीपलीकडून हुं नाही की चूं नाही. दोघांच्या मधली तार व्हायचं, बाई! तारेला कोणी विचारत नाही की तू दमलीस का. मी दमले होते, फार दमले होते.

काही वर्षांनी यांनी दुसरी कादंबरी लिहायला घेतली. आता छापायची भानगड नाही. मोबाइलवर एक वाचायचं ॲप असतं, त्यावर आठवड्याला एक प्रकरण टाकायचं. खाली वाचक आपलं मत लिहितात. खरी नावं कोणी देत नाही. एक 'वाचनवेडी' होती, तिला सगळंच छान वाटायचं. एक 'सूर्यफूल'. आणि एक 'खडूस'. हे नाव त्यानं स्वतःच घेतलं होतं, म्हणजे माणूस प्रामाणिक म्हणायचा. गोष्ट होती एका घड्याळजीची. त्याची मुलगी घर सोडून जाते, तो दुकानात बसून वाट बघतो, आणि शेवटच्या प्रकरणात ती परत येते.

मी काय आंधळी आहे? घड्याळाच्या जागी कवळी ठेवली की झालं. पण मी काही बोलले नाही. ऐकणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे मलाच बढती मिळाली होती. दुपारी भांडी आवरली की हे वाचायचे आणि मी भाजी निवडत ऐकायचे. ते शेवटचं प्रकरण वाचलं तेव्हा माझे हात थांबले. मुलगी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहते आणि म्हणते, "बाबा, माझं घड्याळ मागे पडतंय." बस. मी पदरात तोंड घालून रडले. म्हटलं, अहो, याला हात लावू नका, हे असंच ठेवा.

पण लोकांना ते पटलं नाही. वाचनवेडीसुद्धा म्हणाली, 'छानच, पण शेवट घाईत झालाय का?' सूर्यफूल म्हणाली, 'काहीतरी कमी वाटतं.' आणि खडूस म्हणाला, 'मुलगी परत आली हे पटलं नाही. ती का येते?'

झालं. हे शेवटाच्या मागे लागले. सकाळी दात घासायच्या आधी मोबाइल. कोणी काय लिहिलं, कोणाला काय टोचलं. एकानं सुचवलं, बाप आजारी पडला की मुलगी येईल. यांनी घड्याळजीला आजारी पाडलं. लोक म्हणाले, सिनेमासारखं वाटतं. मग मुलीला एक बाळ दिलं, नातू आजोबांकडे बघून हसतो वगैरे. लोक म्हणाले, बाळ कुठून आलं? मग सूर्यफुलानं सुचवलं की आई वारली तर मुलगी नक्की येईल. आणि आमच्या यांनी आईला मारलं! पूर्ण आठवडाभर मी मेलेली होते. लोकांनी खाली हात जोडल्याची चित्रं टाकली. मी यांना विचारलं, मेलेल्या बाईनं आज काय भाजी करावी? हे म्हणाले, "अगं, ती तू नाहीस." म्हटलं, नाही कशी? तीही सारखी पुसत असते.

शेवटी खडूस धावून आला. त्यानं लिहिलं, 'आईला मारून मुलीला घरी आणणं ही लबाडी आहे.' पुढच्या आठवड्यात मी जिवंत झाले. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

हसून सांगतेय, पण तेव्हा माझ्या डोक्यात काय जात होतं ते माझं मला ठाऊक. पोटच्या पोरीनं एक वाक्य सांगितलं तर हा माणूस विंचू चावल्यासारखा अंगावर गेला, आणि आता कोण कुठलं सूर्यफूल, ना ओळख ना पाळख, त्याच्या सांगण्यावरून बायकोला मारतोय आणि उठवतोय. हेच ऐकून घ्यायचं होतं तर तेव्हा का नाही घेतलं? संताप यायचा. आणि दुसरीकडे एक वेडी आशाही होती. वाटायचं, यातलं एखादं टोपणनाव आपल्या पोरीचं तर नसेल? 'हा माणूस असं बोलणार नाही' असं कोणी लिहिलं की माझी छाती धडधडायची. ती वाचत असेल. वाचत असेल तर राग निवत असेल. मी फोनवर आडून आडून विचारायचे, काय गं, मोबाइलवर काही वाचतेस का हल्ली? ती म्हणायची, "वेळ कुठाय आई."

त्याच दिवसांत हेडबाईंच्या कवळीचं प्रकरण झालं. हेडबाई म्हणजे आमच्या मुलीच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. दात सगळे गेलेले, आवाज मात्र होता तसाच. यांनी केलेली खालची कवळी त्यांना डावीकडे टोचत होती. डॉक्टरांनी परत पाठवली, यांनी ती जागा घासली. पुन्हा आली, पुन्हा घासली. पुन्हा आली. यांचं लक्ष कुठे होतं? घड्याळजीच्या दुकानात. बाई डावीकडे म्हणतायत ना, मग घास डावीकडे. शेवटी हेडबाई स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या. कवळी रुमालातून काढून यांच्या टेबलावर ठेवली आणि पोकळ तोंडानं म्हणाल्या, "आता टोचत नाही. आता तोंडात राहतच नाही. बोलायला तोंड उघडलं की ती आधी बाहेर येते."

यांचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात यांच्या हातून असं झालं नव्हतं. त्या दिवशी हे बाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि संध्याकाळी उशिरा आले. जेवताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "निळा कागद लावायला विसरलो मी."

म्हटलं, कसला निळा कागद?

"अगं, पेशंटला चावायला देतात. जिथे दात आधी टेकतो तिथे निळा ठिपका उमटतो. बाईंचा उजवीकडे मागचा एक दात उंच राहिला होता. तो आधी टेकायचा, कवळी कलायची, आणि काच मात्र डावीकडे पडायचा. पेशंट बरोबरच सांगतो कुठे दुखतंय ते. पण घासायचं तिथे नसतं. हे मी पोरीला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं."

किती तरी वर्षांनी तिचा उल्लेख यांच्या तोंडून निघाला होता.  मी दमलेली होते, दिवसभराची, वर्षांची. नाहीतर एरवी बोललेही नसते. म्हटलं, "मग तुमच्या कादंबरीला लावा की निळा कागद."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? रोग रेड्याला, औषध पखालीला! सगळे सांगतायत शेवट टोचतो, आणि तुम्ही बसलाय शेवट घासत. घासून घासून पार सैल केलात. तुमचा उंच दात तिसऱ्या प्रकरणात आहे."

तिसऱ्या प्रकरणात बापलेकीचं भांडण होतं. त्या भांडणात घड्याळजी मुलीला म्हणतो, "तुझी मर्जी, बाळा," आणि मुलगी घर सोडून जाते.

मी विचारलं, "कुठली मुलगी 'तुझी मर्जी, बाळा' ऐकून घर सोडते हो? एवढा गोड बाप असेल तर ती गेली कशाला, आणि आली तर त्यात नवल काय? तो काय बोलला ते लिहा. तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे."

 हे ताट तसंच ठेवून उठले. थोड्या वेळानं पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज यायला लागला. हेडबाईंना नवी कवळी करून द्यायची होती.

बरेच दिवस काही वाचून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. मग एका दुपारी कागद घेऊन आले आणि उभ्यानंच वाचायला लागले. तिसरं प्रकरण. घड्याळजीची मुलगी सासरहून परत आलेली, दुकानात बसलेली, आणि ती बापाला त्याच्याच कामातली एक चूक दाखवते. आणि घड्याळजी तिला तेच म्हणतो. फक्त पुस्तकाच्या जागी दुकान. बाकी शब्दनशब्द तोच. मला इतकी वर्षं वाटत होतं की हे विसरले, पुरुषमाणूस, बोलून मोकळा झाला. कुठलं विसरतात? वाचताना यांचा आवाज फाटत होता.  'बरं केलंत' म्हणावंसं वाटलं आणि 'मेल्या, एवढं आठवत होतं तर इतकी वर्षं काय केलंस' असंही म्हणावंसं वाटलं. दोन्ही म्हटलं नाही. म्हटलं, टाका ते मोबाइलवर.

लोक खवळले. सूर्यफुलानं लिहिलं, 'या बापाला मी कधी माफ करणार नाही.' कोणी लिहिलं, 'माझे वडीलही मला असंच बोलले होते.' कितीतरी मुलींनी लिहिलं. हे एकेक वाचायचे आणि चष्मा पुसायचे. आणि खडूस म्हणाला, 'आता पटलं. पहिल्यांदा हा माणूस खरा वाटला. पण आता ती परत येणार नाही.'

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच की, आता कशी येईल? आल्यावर खोटं वाटेल. यांनाही ते पटलं. दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या आणि शेवटचं प्रकरण काढून टाकलं. आजारी बाप नको, बाळ नको, पायरीवरची मुलगीसुद्धा नको. घड्याळजी दुकानात बसून राहतो, एवढंच. लोकांनी वाहवा केली. 'हा खरा शेवट.' 'अंगावर आला.' जो तो हेच लिहीत होता.

मला विचारा काय झालं ते. पुस्तक सुधारलं, मान्य आहे. यांना वाचकांनी शिकवलं, यांनी शिकून घेतलं, तेही मान्य. पण त्या पुस्तकात माझं एक प्रकरण होतं. माझी पोर पायरीवर येऊन उभी राहायची. खरी येत नव्हती म्हणून मी त्या कागदावरच्या पोरीवर दिवस काढत होते. तीही लोकांनी नेली, आणि यांनी आनंदानं दिली. मी यांना म्हटलं, "अभिनंदन. पुस्तक चांगलं झालं. घर आहे तिथेच आहे." आणि फडकं तिथेच टाकून जाऊन पडले. भुकटी बसली असेल सगळीकडे, बसू दे. दोन दिवस मी कशाला हात लावला नाही. हे स्वतः चहा करून आणायचे, पांचट. मी भिंतीकडे तोंड करून प्यायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे मोबाइल घेऊन माझ्यापाशी आले. म्हणाले, "हे बघ काय लिहिलंय." वाचनवेडी होती ती, सगळंच छान म्हणणारी. तिनं लिहिलं होतं, 'शेवट छानच. ती येणार नाही हे पटलं. पण घड्याळजीला पाय नाहीत का?'

हे पलंगाच्या कडेला बसले. मला वाटलं, आता आणखी एक शेवट लिहायला बसणार. तो बाप आता मुलीकडे जाणार, मग लोक म्हणणार गाडी लवकर पोचली, मग हे गाडी पंक्चर करणार. पण हे म्हणाले, "तिच्या घरी कसं जायचं ते तुला माहीत आहे ना?"

डॉक्टरांना सांगून लॅब बंद ठेवली. बसनं निघालो. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कानामागे मात्र प्लास्टर तसंच. मी रुमालानं पुसलं. वाटेत हे खिडकीबाहेर बघत होते आणि ओठ हलत होते. मी ओळखलं. इतकी वर्षं संसार केलाय, यांचे ओठ कधी हलतात ते मला कळतं. वाक्य जुळवत होते. एक खोडायचं, दुसरं घ्यायचं, पुन्हा पहिल्यापासून. म्हटलं, अहो, डबा आणलाय, खाऊन घ्या. नको म्हणाले.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. जिना अंधारा, कठडा गार. यांचे गुडघे दुखतात, तरी माझ्या पुढे चढत होते. मी बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून पोरीचा चेहरा दिसला. आधी मी दिसले तिला, मग हे. चेहरा बंद झाला. दार उघडंच होतं, पण चेहरा बंद झाला.

यांनी घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली. खोटं कशाला सांगू, सुंदर बोलले. मी जे बोललो ते रागानं नव्हतं, भीतीनं होतं, म्हणाले. तू खरं सांगत होतीस आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, म्हणून मी तुझ्या दुखऱ्या जागी मारलं, म्हणाले. बाप म्हणून हरलो, त्याआधी ऐकणारा म्हणून हरलो, असंही काहीतरी होतं. कुठे अडखळले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पोरगी मान न उचलता ऐकत होती. संपल्यावर वर बघितलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. पाठ करून आलात?"

जिन्यात कोणीतरी खाली चपला वाजवत गेलं.  मला वाटलं, आता हा माणूस चिडतो, नाहीतर दुसरं वाक्य काढतो, यांच्याकडे वाक्यांना काय तोटा? पण हे म्हणाले, "हो."

एवढंच. हो.

ती यांच्याकडे बघत राहिली. मग साखळी काढली आणि मला म्हणाली, "आई, तू ये. बाबांना राहू दे बाहेर."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी मानेनं 'जा' म्हटलं आणि खाली पायरीवर बसले.

आत गेले. एक पलंग, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेला ॲप्रन. तिच्या नखांत गुलाबी मेण होतं, यांच्या असतं तसंच. बारीक झाली होती. मी नेहमी विचारते तेच विचारलं, जेवतेस का, झोपतेस का. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, बाबांची गोष्ट मोबाइलवर वाचलीस का गं? ती म्हणाली, "कुठली गोष्ट?" खरंच माहीत नव्हतं तिला. मी एवढे दिवस त्या टोपणनावांत तिला शोधत होते आणि ती त्यात कुठेच नव्हती. मी पलंगावर बसून रडले. ती जवळ बसली, पाठीवर हात ठेवला, पण रडू नकोस म्हणाली नाही. मी म्हटलं, "मी थकले गं तुमच्या दोघांच्या मध्ये." ती म्हणाली, "माहीत आहे, आई."

मग उठली, माठातून पाणी काढलं. मला दिलं. आणि आणखी एक ग्लास भरून माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "बाहेर नेऊन दे. गुडघे दुखत असतील त्यांचे, जिना चढून."

मी ग्लास घेऊन बाहेर गेले. हे पायरीवर भिंतीला टेकून बसले होते, इस्त्रीच्या शर्टाला चुना लागला होता. एका दमात पाणी प्यायले. रिकामा ग्लास मला द्यायला लागले तर मी हात मागे घेतला.

"तुम्ही द्या नेऊन."

"काय बोलू?"

"काही नको. ग्लास परत द्यायला काय बोलावं लागतं?"

कठडा धरून उठले. दार ढकललेलंच होतं, तरी यांनी बोटानं टकटक केली, परक्याच्या घरी करतात तशी. पोरगी आली. यांनी ग्लास पुढे केला. ओठ हलले नाहीत. नुसते उभे राहिले, हात लांब करून. तिनं ग्लास घेतला. ग्लासाकडे बघितलं, यांच्या हाताकडे बघितलं.

"आणखी हवंय?" तिनं विचारलं.

"हवंय," हे म्हणाले.

आणि ती दार तसंच उघडं टाकून पाणी आणायला आत गेली.